गटाने मिळून उपाय शोधायच्या पद्धती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमधल्या सातपूर-अंबडचे कारखाने, निफाड-दिंडोरीकडचे शेतकरी गट, बचत गट, हाउसिंग सोसायट्या आणि कॉलेजं इथून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. क्रम सोप्याकडून अवघडाकडे आहे. उद्याच बैठक असेल तर प्रश्न ४, ५ आणि १५ एवढे वाचा, बाकीचे नंतर.

१. ब्रेनस्टॉर्मिंग म्हणजे नेमकं काय? आम्ही दर सोमवारी मीटिंगमध्ये चर्चा करतोच की.

चर्चेत कल्पना निघते आणि त्याच क्षणी तिचा निकालही लागतो. कुणी म्हणतं "क्रेट बदलून बघू", लगेच दुसरा म्हणतो "परवडणार नाही", आणि तिसऱ्याच्या ओठांवर आलेलं तिथेच राहतं. ब्रेनस्टॉर्मिंगमध्ये ही दोन कामं वेगळी केलेली असतात: आधी नुसतं सुचवायचं, पारख नंतर. बीबीडीओ या अमेरिकन जाहिरात कंपनीतले अ‍ॅलेक्स ऑसबर्न यांनी १९४०च्या दशकात ही पद्धत मांडली. तिचे नियम चार: टीका नंतर, कल्पना जितक्या जास्त तितक्या बऱ्या, अचाट कल्पनाही चालेल, आणि दुसऱ्याच्या कल्पनेत भर घाला.

यातला पहिला नियम सर्वांत जास्त मोडला जातो. त्याला बोलावंही लागत नाही. कपाळावरची आठी, "हं, बरं, पुढे" असा सूर, मोबाइलकडे वळलेली नजर, एवढं पुरतं. सुचवण्याच्या वेळेत कौतुकही नको. एकाला "वा!" मिळालं की पुढचे तिघे त्याच वळणाचं सुचवतात.

२. एकत्र बसून बोललं की जास्त सुचतं, हे खरं आहे का?

बहुतेक वेळा नाही. १९५८ साली येल विद्यापीठातल्या प्रयोगात चार-चार जणांच्या गटांची तुलना एकेकटं बसून काम करणाऱ्या चार जणांशी झाली. एकेकट्यांच्या याद्या नंतर जोडल्या आणि सारख्या कल्पना एकदाच मोजल्या, तरी एकेकट्यांचीच संख्या जास्त भरली. १९८७मध्ये डील आणि श्ट्रोबे या संशोधकांनी यामागची कारणं तपासली. सर्वांत मोठं कारण निघालं पाळीची वाट बघणं. एक जण बोलत असताना बाकीचे थांबतात, आणि थांबल्या थांबल्या स्वतःचं विसरतात किंवा मनातच बाद करून टाकतात.

म्हणून आधी लिहा, मग बोला. खालच्या जवळजवळ सगळ्या पद्धती या ना त्या वाटेने हेच करतात. गटाचा खरा उपयोग पुढे होतो: कल्पना जोडताना, पारखताना आणि काम वाटून घेताना.

३. किती जण हवेत? कुणाला बोलवायचं?

पाच ते सात. आठाच्या वर गेलात तर दोन टेबलं करा (शंभर-दीडशे असतील तर प्रश्न १३).

कारखान्यात ज्याच्या हाताखालून ते काम रोज जातं तो ऑपरेटर हवाच. त्याच्याऐवजी सुपरवायझर चालणार नाही, कारण सुपरवायझरला काम कसं व्हायला हवं हे माहीत असतं आणि ऑपरेटरला ते कसं होतं हे. त्याशिवाय मेंटेनन्स आणि क्वालिटीचा एकेक जण, आणि त्या कामाशी काहीच संबंध नसलेला एक, स्टोअर्स किंवा डिस्पॅचमधला. द्राक्षबागायतदारांच्या गटात तोडणीच्या टोळीचा मुकादम बोलवा. औषध-खतांचे विक्रेते पहिल्या बैठकीला नकोत, त्यांच्याकडे उत्तर आधीच पाकीटबंद असतं.

बैठक चालवणारा वेगळा ठेवा. त्याने घड्याळ बघायचं, चिठ्ठ्या गोळा करायच्या, नियम पाळून घ्यायचे. स्वतःच्या कल्पना द्यायच्या नाहीत.

४. प्रश्न कसा मांडायचा? आमची गाडी दर वेळी भलतीकडेच जाते.

बैठका फसतात त्या बहुतांशी इथेच. "कांदा सडतो" ही तक्रार झाली. "उत्पन्न कसं वाढवायचं?" हा प्रश्न इतका मोठा आहे की सरकारी योजनांपासून निर्यातबंदीपर्यंत सगळं त्यात येतं आणि तुमच्या हातातलं काहीच उरत नाही. "कांद्याच्या चाळीत पंखे कसे बसवायचे?" या तिसऱ्या प्रश्नात उत्तर आधीच लपलेलं आहे. लपलेलं उत्तर ओळखायची युक्ती सोपी आहे: "हे कशासाठी?" असं विचारत दोन पायऱ्या वर चढा. पंखे कशासाठी? हवा खेळावी म्हणून. हवा कशासाठी? कांद्यावर ओल टिकू नये म्हणून. मग प्रश्न असा होतो:

"पावसाळ्याच्या चार महिन्यांत चाळीतल्या उन्हाळ कांद्यावर ओल टिकू नये, यासाठी आपल्याला काय काय करता येईल?"

आता पंखे ही अनेक उपायांपैकी एक चिठ्ठी झाली. ढिगाची उंची, चाळीचा तळ जमिनीपासून किती वर आहे, बाजूंच्या फटी, भरण्याआधी शेतात पातीसकट किती सुकवला, मान किती ठेवून कापली, खराब कांदा निवडायला किती दिवसांनी हात लावतो, हे सगळं आपोआप समोर येतं.

वाक्य तयार झालं की चार गोष्टी तपासा. शेवट "काय करता येईल?" किंवा "कसं करता येईल?" असा आहे का? त्यात उपाय दडलेला नाही ना? अमलात आणायचा अधिकार खोलीतल्या कुणाकडे तरी आहे का? आणि वेळ, जागा, माल यातलं निदान एक ठरलेलं आहे का?

शेवटी एक परीक्षा घ्या, दोन मिनिटांची. प्रत्येकाने प्रश्न स्वतःच्या शब्दांत लिहायचा आणि सगळे कागद शेजारी शेजारी ठेवायचे. सहा कागदांवर तीन वेगळे प्रश्न निघाले तर कल्पना मागायची वेळ अजून आलेली नाही. आधी प्रश्न एक करा. हे टाळून पुढे गेलात तर तासाभराने "पण मुद्दा तो नव्हताच" हे वाक्य ऐकू येणारच.

५. ६-३-५ पद्धत स्टेप बाय स्टेप सांगा.

सहा माणसं, प्रत्येकी तीन कल्पना, पाच मिनिटांची फेरी. बर्न्ड रोहरबाख या जर्मन सल्लागाराने १९६०च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत मांडली. नवख्या गटाने सुरुवात हिच्यापासूनच करावी, असं आमचं ठाम मत आहे.

साहित्य: ए-४ आकाराचे सहा कागद, सहा सारखी पेनं, एक टायमर. कागद आडवा धरून तीन उभे रकाने आणि सहा आडव्या ओळी आखा, म्हणजे १८ चौकटी होतात. वर ठरलेला प्रश्न लिहा (प्रश्न ४).

पहिल्या फेरीत प्रत्येकाने वरच्या ओळीत तीन कल्पना लिहायच्या. टायमर वाजला की कागद उजवीकडच्याला द्यायचा. आता समोर शेजाऱ्याच्या तीन कल्पना आहेत. त्या वाचायच्या आणि खालच्या ओळीत आणखी तीन लिहायच्या: त्यातली एखादी पुढे न्या, वळवा किंवा सरळ नवीन लिहा. सहा फेऱ्यांत कागद भरतात. ६ गुणिले १८, म्हणजे अर्ध्या तासात १०८ कल्पना. पुनरावृत्ती काढली की त्या बऱ्याच कमी होतात, पण बोलून घेतलेल्या बैठकीपेक्षा तरीही पुष्कळ राहतात.

कुठे बिघडतं? पहिल्या फेरीला पाच मिनिटं जास्त वाटतात आणि लोक गप्पा सुरू करतात. पाचव्या-सहाव्या फेरीला तीच कमी पडतात, कारण वाचायलाच वेळ जातो. म्हणून पहिल्या दोन फेऱ्या चार मिनिटांच्या, शेवटच्या दोन सहा मिनिटांच्या ठेवल्या तरी एकूण वेळ तेवढाच राहतो. दुसरा बिघाड म्हणजे एका शब्दात लिहिणं. "ट्रेनिंग" ही कल्पना नाही. "नवीन ऑपरेटरला पहिले तीन दिवस फक्त गेज (माप तपासायचं साधन) वापरायला शिकवायचं" ही कल्पना आहे. चौकटीत क्रियापद हवंच, असा नियमच करा. तिसरा बिघाड अक्षराचा: शेजाऱ्याला वाचता आलं नाही तर साखळी तिथेच तुटते.

चारच जण असतील तर चार ओळींचा कागद करा, ४८ कल्पना होतील. चौथ्या फेरीत रिकामी राहिलेली चौकट रिकामीच जाऊ द्या, जबरदस्ती नको.

६. आमच्या बचत गटातल्या काही ताईंना लिहिता येत नाही. मग हे सगळं आमच्यासाठी नाही का?

आहे, फक्त लिहिण्याचं काम वेगळं काढायचं. दोघी-दोघींच्या जोड्या करा, एक सांगेल आणि दुसरी लिहील. लिहिणारीने शब्द बदलायचे नाहीत. "म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का" म्हणत वाक्य सुधारलं की कल्पना लिहिणारीची होते. दोनच लिहिणाऱ्या असतील तर त्यांना दाराशी आणि खिडकीशी बसवा आणि बाकीच्यांनी एकेक करून जाऊन हळू आवाजात सांगावं. सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायला लावलंत तर प्रश्न ७मधली अडचण उभी राहते.

प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यात छोटं चित्र काढा: पापडाचं काम असेल तर लाटणं, वाळवणाची खाट, पिशवी, टेम्पो. चित्रावरून चिठ्ठी ओळखता आली की मतदानाला वाचावं लागत नाही. मतासाठी टिकल्यांचं पाकीट उत्तम. चिकटते, निघते, लांबून दिसते, आणि प्रत्येकीला वेगळा रंग दिला तर कुणी जास्त लावल्या तेही कळतं. मत गुप्त हवं असेल तर मात्र सगळ्यांना एकच रंग द्या.

७. साहेब बसले की कुणी तोंड उघडत नाही. घरच्या व्यवसायात मोठ्या काकांसमोर हेच होतं. काय करावं?

साहेबांना वगळू नका, ते रागावतील आणि पैसेही त्यांच्याच सहीने मिळणार आहेत. त्यांना सुरुवातीची दहा मिनिटं आणि शेवटची वीस मिनिटं द्या. सुरुवातीला त्यांनी अडचण काय आहे, खर्चाची मर्यादा किती आणि कोणती गोष्ट अजिबात बदलायची नाही, एवढंच सांगायचं. मग बाहेर. परत येतील तेव्हा भिंतीवर नावाशिवायच्या चिठ्ठ्या असतील.

बाहेर जाणं शक्य नसेल तर सगळ्यांना एकाच रंगाचं पेन द्या, चिठ्ठ्या एकत्र मिसळून घ्या आणि वाचून दाखवायचं काम चालवणाऱ्याकडेच ठेवा. पाच जणांच्या ऑफिसात अक्षर ओळखू येतं, तेव्हा चालवणाऱ्याने सगळ्या चिठ्ठ्या स्वतःच्या हाताने उतरवून काढलेल्या बऱ्या. मतदानात ज्येष्ठांचं मत शेवटी. काकांना हे कसं सांगायचं? "काका, शेवटचा शब्द तुमचा, म्हणून तुम्ही शेवटी." हे खोटंही नाही.

८. शंभर चिठ्ठ्या जमल्या. आता त्यांचं करायचं काय?

जिरो कावाकिता या जपानी मानवशास्त्रज्ञांनी क्षेत्रकार्यातल्या ढीगभर नोंदी लावण्यासाठी जी पद्धत काढली, ती केजे पद्धत म्हणून ओळखली जाते. तिचा गाभा असा: खाने आधी ठरवायचे नाहीत.

एका चिठ्ठीवर एकच कल्पना ठेवून सगळ्या भिंतीवर किंवा सतरंजीवर पसरा. मग न बोलता, सगळ्यांनी मिळून, जवळच्या वाटणाऱ्या चिठ्ठ्या एकमेकींजवळ सरकवायच्या. एकाने हलवलेली चिठ्ठी दुसऱ्याने परत हलवली तरी चालेल. तीनदा इकडून तिकडे गेली तर तिची नक्कल करून दोन्हीकडे ठेवा. १०-१५ मिनिटांत हालचाल थांबते. तेव्हा बोलायला सुरुवात करा आणि गठ्ठ्यांना शीर्षकं द्या.

शीर्षक पूर्ण वाक्यात हवं. "मनुष्यबळ", "मशिन", "इतर" असे खाने केलेत तर तुमच्या ऑर्गनायझेशन चार्टची आणखी एक प्रत तयार होईल. "शिफ्ट बदलताना निरोप पुढे जात नाही" असं शीर्षक दिलं की पुढचं काम दिसतं. एकटी राहिलेली चिठ्ठी कुठल्याही गठ्ठ्यात कोंबू नका, कधी कधी तीच कामाची निघते.

भिंतीचीही तयारी लागते. शॉपफ्लोअरच्या धुळकट किंवा चुन्याच्या भिंतीवर स्टिकी नोट दहा मिनिटं टिकत नाही, आधी ब्राऊन पेपर चिकटवा. गठ्ठ्यातून नोट खालून वर ओढली की तिला बाक येतो आणि ती गळून पडते, बाजूने सोलून काढली की सपाट बसते. सतरंजीवर काम असेल तर पंखा बंद करा.

९. मतदान कसं घ्यायचं? प्रत्येकाला किती मतं?

पर्यायांच्या साधारण चौथ्या हिश्शाइतकी. वीस पर्यायांना पाच मतं. बारा असतील तर तीन.

नुसत्या टिकल्या लावायला सांगितल्या की पहिल्या दोघांच्या टिकल्या जिथे, तिथेच बाकीच्यांच्या जातात. म्हणून आधी प्रत्येकाने आपल्या पसंतीचे क्रमांक कागदावर लिहून ठेवायचे, मग टिकल्या लावायच्या. आणखी एक फसगत: एकच कल्पना तीन वेगळ्या शब्दांत भिंतीवर असेल तर तिची मतं तिघींत वाटली जातात आणि ती हरते. मतदानाआधी जुळी भावंडं एकत्र करा (प्रश्न ८).

निर्णय वादाचा असेल तर डेलबेक आणि व्हॅन डी व्हेन या संशोधकांची नॉमिनल ग्रुप पद्धत घ्या. तिच्यात आधी शांतपणे लिहायचं, मग प्रत्येकाने पाळीने एकेक कल्पना सांगायची आणि ती फळ्यावर जायची, मग फक्त अर्थ स्पष्ट करून घ्यायचा. शेवटी प्रत्येकाने पाच निवडून त्यांना ५ ते १ गुण गुप्तपणे द्यायचे. बेरजेबरोबर किती जणांनी निवडलं तेही लिहा. चौघांनी तीन-तीन गुण दिलेली आणि दोघांनी पाच-पाच व एकाने दोन गुण दिलेली कल्पना दोन्ही १२ गुणांवर येतात, पण त्यांच्यामागचं बळ वेगळं असतं.

१०. सहा टोप्यांची पद्धत शाळेतल्या खेळासारखी वाटते. मोठ्यांना उपयोग होतो का?

एखादा ठराव होकार-नकारात अडकला असेल तेव्हा फार होतो. एडवर्ड डी बोनो यांनी १९८५मध्ये ही पद्धत मांडली. खरी टोपी घालायची गरज नाही. मुद्दा एवढाच की एका वेळी सगळ्यांनी एकाच बाजूने बघायचं. पांढरी म्हणजे माहिती, लाल म्हणजे मनातली भावना, काळी म्हणजे धोके, पिवळी म्हणजे फायदे, हिरवी म्हणजे नवे पर्याय आणि निळी म्हणजे बैठकीचं नियंत्रण.

समजा, गंगापूर रोडवरच्या सोसायटीत गच्चीवर सोलर बसवायचं का, हा वाद आहे. निळी टोपी दोन मिनिटं: आज काय ठरवायचं आणि काय नाही. पांढरी दहा मिनिटं: लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांची वर्षभराची बिलं, गच्चीवर सावली नसलेली जागा (एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट धरा), वॉटरप्रूफिंग कधी झालं. "मला वाटतं" असं वाक्य इथे आलं की थांबवा. पिवळी पाच, काळी दहा. मग हिरवी दहा मिनिटं, आणि तिचं काम फक्त काळीत निघालेले धोके कमी करण्याचं: वाळवणासाठी जागा हवी असेल तर पॅनेलचा सांगाडा उंच घेता येईल का, आधी गळती काढून मग बसवता येईल का. शेवटी लाल, प्रत्येकी अर्धं मिनिट. कारण द्यायचं नाही आणि मागायचंही नाही. "मला भीती वाटते" एवढंही पुरे.

सर्रास होणारा गैरवापर म्हणजे माणसांना टोप्या वाटून देणं. "जोशीकाका, तुम्ही काळी टोपी" म्हटलं की काका जन्मभरासाठी विरोधी पक्षनेते होतात. सगळ्यांनी एकदमच काळी घालायची. नेहमी विरोध करणाऱ्याला त्यामुळे पिवळीच्या वेळी फायदे सांगावेच लागतात, आणि ठराव आणणाऱ्याला धोके.

११. फिशबोन आणि "पाच वेळा का" कधी वापरायचं?

कारण माहीत नसेल तेव्हा. कारण माहीत नसताना उपाय सुचवणं ही वाया जाणाऱ्या बैठकींची दुसरी मोठी जात (पहिली प्रश्न ४मध्ये). काओरू इशिकावा यांच्या माशाच्या काट्यांसारख्या आकृतीत डोक्याशी दोष लिहायचा आणि काट्यांवर माणूस, मशिन, माल, पद्धत, मोजमाप आणि परिसर या खान्यांत शक्य ती कारणं. हे सगळे अंदाज असतात, हे विसरू नका. प्रत्येकापुढे "तपासलं का? कसं?" असा रकाना ठेवा.

टोयोटातून आलेलं "पाच वेळा का" एका धाग्याने खोल जातं. सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशिनवर) पहिल्या शिफ्टचे सुरुवातीचे शाफ्ट व्यासाच्या ठरलेल्या मर्यादेबाहेर जातात. का? मशिन गरम होत जातं तसा साइज सरकतो. का? रात्री बंद केलेला स्पिंडल (मशिनचा फिरणारा दांडा) थंड असतो आणि ऑफसेट (साइज जुळवायला मशिनला दिलेली दुरुस्ती) आदल्या दिवशीच्या गरम मशिनचा असतो. मग थंड मशिनवरच काम का सुरू होतं? वॉर्म-अप सायकल चालवली जात नाही. का? शिफ्टच्या टार्गेटमध्ये तिची वेळ धरलेलीच नाही.

दुसऱ्याच "का"ला कुणीतरी "ऑपरेटरचं लक्ष नसतं" म्हणून मोकळा झाला असता. उत्तरात माणूस आला की थांबायचं नाही, "त्याच्या जागी दुसरा असता तर चूक टळली असती का?" असं विचारायचं. आणि प्रत्येक पायरीला पुरावा हवा. वरच्या उदाहरणात सकाळी वॉर्म-अप करून दहा पीस काढायचे आणि न करता दहा काढायचे, मोजायचे, मग पुढे जायचं. पाच हा आकडा पवित्र नाही, तीन वेळा पुरतं तर कधी सात लागतात.

१२. दर वेळी त्याच त्या कल्पना येतात. नवीन कसं सुचेल?

तीन वाटा सांगतो, तिसरी तांत्रिक कामाची आहे.

उलटा प्रश्न. "द्राक्षाच्या घडाचे देठ हिरवे कसे राहतील?" याऐवजी "देठ लवकरात लवकर तपकिरी कसे करता येतील?" असं विचारा. लोक हसतात आणि मग भराभर सांगतात: भर दुपारी तोडणी करा, क्रेट बांधावर उन्हात ठेवा, गाडी भरेपर्यंत थांबवा, प्रीकूलिंगला (तोडलेला माल लगेच थंड करायला) उशीर करा. आता यादी उलटी वाचत प्रत्येकापुढे "यातलं आपण आज कुठे करतो?" असं विचारा. हसणं थांबतं. तुमच्याकडे मोजता येण्याजोग्या गोष्टी हातात येतात: तोडणीपासून प्रीकूलिंगपर्यंत किती तास, क्रेट सावलीत किती वेळ.

स्कॅम्पर. ऑसबर्न यांच्याच प्रश्नांची यादी बॉब एबर्ले यांनी १९७१मध्ये सात मथळ्यांत बसवली: बदली काय वापरता येईल, काय जोडता येईल, कुठून उचलून जुळवून घेता येईल, लहान-मोठं काय करता येईल, दुसरा उपयोग काय, काय काढून टाकता येईल, क्रम उलटा केला तर? हे हाताशी असलेल्या वस्तूवर चालतं, कोऱ्या पाटीवर नाही. सातही मथळे एका बैठकीत उरकू नका, तीन निवडा. "काय काढून टाकता येईल?" हा लोक टाळतात, तो नक्की घ्या.

विरोधाभास शोधणं. सोव्हिएत अभियंता गेनरिख अल्तशुलर यांनी पेटंटांचा अभ्यास करून ट्रिझ पद्धत आणि तिची ४० तत्त्वं मांडली. सगळी पाठ करायची गरज नाही, सुरुवात एका वाक्याने होते: "एक सुधारलं की दुसरं बिघडतं." द्राक्षाच्या खोक्याला भोकं वाढवली तर थंड हवा लवकर शिरते, पण खोका दबतो. मधला मार्ग काढायचा मोह आवरा आणि दोन्ही गरजा वेगळ्या जागी नेता येतील का ते बघा. पुठ्ठ्याच्या खोक्यावरचा भार मुख्यतः कोपरे उचलतात, म्हणून कोपऱ्यांपासून लांब, रचलेल्या खोक्यांची भोकं समोरासमोर येतील अशी पाडली तर दोन्ही साधतं.

१३. सिंहस्थासाठी आमच्या स्वयंसेवक मंडळात दीडशे जण आहेत. इतक्यांची बैठक कशी घ्यायची?

१-२-४-सगळे ही रचना घ्या. एक मिनिट एकट्याने विचार, दोन मिनिटं जोडीत, चार मिनिटं दोन जोड्या एकत्र, मग पाच मिनिटांत चौकड्यांनी एकेकच मुद्दा सगळ्यांसमोर. बारा मिनिटांत फेरी होते. दीडशे जणांच्या सदतीस-अडतीस चौकड्या होतील. सगळ्यांना माइक देऊ नका, मुद्दा कार्डावर लिहून घ्या आणि आठ-दहा चौकड्यांनाच बोलवा. बाकीच्यांनी "आमचा मुद्दा आला" असेल तर हात वर करायचा.

विषय नेमका हवा: "रामकुंडाकडे येणाऱ्या वयस्कर भाविकांना चुकामूक झाल्यावर अर्ध्या तासात नातेवाइकांपर्यंत कसं पोचवता येईल?" २०१५च्या सिंहस्थाआधी नाशिकमध्ये कुंभथॉन झाली, एमआयटी मीडिया लॅबच्या मंडळींच्या सहभागाने. तिथेही कुंभातल्या अशाच नेमक्या अडचणी घेऊन छोट्या गटांनी काम केलं होतं. मात्र गर्दीचा मार्ग, बॅरिकेड, घाटावर सोडायची संख्या हे मतदानाने ठरवायचे विषय नव्हेत. सूचना लिहून प्रशासनाकडे द्या, निर्णय त्यांचा.

१४. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हे होईल का?

ग्रुपवर नको. पहिला संदेश पडला की बाकीचे अंगठा दाखवतात आणि काम संपतं. पोलमध्येही कुणी काय निवडलं ते सहसा इतरांना दिसतं. प्रत्येकाने आपल्या तीन कल्पना थेट एकाच व्यक्तीला पाठवाव्यात. तिने नावं काढून यादी करायची आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पाठवायची, मग दुसरी फेरी. नावाशिवाय, फेऱ्याफेऱ्यांनी मत घ्यायची ही तऱ्हा रँड या अमेरिकन संशोधन संस्थेत १९५०च्या दशकात तयार झालेल्या डेल्फी पद्धतीच्या जवळची आहे. दोन-तीन फेऱ्या पुरतात, चौथ्या फेरीला लोक उत्तरच देत नाहीत.

१५. दीड तासात सगळं बसवायचं आहे. वेळापत्रक द्या.

प्रश्न वाचणं आणि एक करणं १५ मिनिटं. ६-३-५च्या चारच फेऱ्या, २० मिनिटं. कागदांवरच्या चौकटी कात्रीने वेगळ्या करून गठ्ठे लावणं २० मिनिटं. चहा ५ मिनिटं, आणि तो इथेच, कारण गठ्ठे बघत उभ्या उभ्या चहा घेताना पुष्कळ काही जुळतं. मतदान १०. कामं वाटणं २०.

शेवटच्या वीस मिनिटांना हात लावू नका. वेळ कमी पडला तर फेऱ्या तीन करा. प्रत्येक निवडलेल्या कल्पनेपुढे एक नाव (विभागाचं नव्हे, माणसाचं), येत्या आठवड्यात करायची पहिली छोटी गोष्ट, तारीख आणि विचारल्याशिवाय किती खर्च करता येईल तो आकडा. बैठकीनंतर काहीच होत नाही अशी तक्रार असते, तिथे यातला खर्चाचा आकडा हमखास नसतो.

वेळ उरलाच तर मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची प्रीमॉर्टेम करा: "सहा महिने झाले, हा उपाय पूर्ण फसला आहे. का फसला?" प्रत्येकाने दोन मिनिटं लिहायचं. "फसेल का?" असं विचारलं तर सगळे "नाही हो" म्हणतात. "फसला आहे" म्हटलं की कारणं बाहेर येतात.

१६. उपाय बागेत किंवा लाइनवर कसा तपासायचा?

छोटा आणि शेजारी तुलना ठेवून. बागेत दोन ओळी नवीन पद्धतीच्या आणि त्यांच्या बाजूच्या दोन जुन्याच. बांधाकडची ओळ घेऊ नका, तिथे ऊन-वारा वेगळा असतो. काय मोजायचं ते सुरू करण्याआधी लिहून ठेवा, नंतर ठरवलं की जे चांगलं आलं तेच मोजलं जातं.

१७. हे कुठे वापरू नये?

आग, गॅसगळती, अपघात: तिथे ठरलेली कृती आणि एकाचा हुकूम. ज्याचं उत्तर हिशेबाने किंवा चाचणीने निघतं ते. दोन माणसांतलं भांडण. आणि निर्णय आधीच झाला असेल तेव्हा तर मुळीच नाही. लोकांना ते पहिल्या दहा मिनिटांत कळतं, आणि पुढच्या खऱ्या बैठकीतही कोऱ्या चिठ्ठ्या येतात.

१८. बक्षीस द्यावं का? श्रेय कुणाचं?

एका कल्पनेला रोख बक्षीस लावलं की लोक ती बैठकीआधी लपवून ठेवतात. ६-३-५च्या कागदावर तर तिसरी ओळ पहिलीवरच उभी असते. द्यायचंच तर गटाला, आणि उपाय चालल्यावर. क्वालिटी सर्कलमध्येही (दर्जा सुधारायला नियमित भेटणाऱ्या कामगारांच्या छोट्या गटातही) सादरीकरण गटाचंच असतं.

१९. कल्पना पेटंट घेण्यासारखी निघाली तर?

मग भिंतीचा फोटो स्टेटसला टाकायचं आधी थांबवा. भारतीय पेटंट कायद्यात नावीन्याची अट आहे. अर्जाआधी कल्पना जाहीर झाली तर, मोजके अपवाद सोडून, ती गमावता. कंपनीच्या आत, गोपनीयता पाळायला बांधील असलेल्या लोकांची बैठक म्हणजे जाहीर करणं नव्हे. पण त्या बैठकीला बाहेरचा सप्लायर, इंटर्न किंवा ग्राहकाचा माणूस असेल तर आधी गोपनीयतेच्या करारावर सही घ्या. ६-३-५चे मूळ कागद न कापता त्यांच्या झेरॉक्स कापा. मूळ कागदांवर तारीख आणि हजर असलेल्यांच्या सह्या घेऊन ते फाइलला लावा, कोणाची भर कुठे पडली हे नंतर शोधायला तेवढंच हाताशी असतं. कागदांवर नावं नसतील (प्रश्न ७) तर कोणता कागद कुणी सुरू केला त्याची यादी वेगळ्या पाकिटात बंद करून ठेवा.